एकाच मशीनमध्ये चार जातींची अंडी: कोणतं पिल्लू कोणाचं हे शेवटपर्यंत कसं सांभाळायचं

घरी छोटं इनक्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं मशीन, आणलं की सुरवातीला माणूस पिल्लं निघतायत का एवढंच बघतो आणि ते बरोबरच आहे. पण एकदा हात बसला की त्याच मशीनमध्ये कडकनाथ, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड), ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प, असील, गावरान असं सगळं बसवलं जातं, कारण चारपाच कोंबड्या असल्या तर एका जातीच्या अंड्यांनी मशीन आठवड्यात भरतच नाही. मग एकविसाव्या दिवशी झाकण उघडावं तर सगळी पिल्लं एकमेकांत, निम्मी काळी, आणि कुठलं कुणाचं ते सांगायला काहीच आधार नाही. खाण्यासाठी किंवा नुसत्या अंड्यांसाठी पाळत असाल तर ठीक, पण जात टिकवायची असेल, पुढे त्यातलाच कोंबडा ठेवायचा असेल किंवा कोणाला "हे कडकनाथ आहे" म्हणून पिल्लू द्यायचं असेल तर हा गोंधळ परवडत नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. जातीची ओळख आपण पुढे पुढे पोचवायची असते, खुराड्यातून अंड्यावर, अंड्यावरून टोपलीवर, टोपलीवरून पिल्लाच्या पायावर, आणि सोबत वहीत. यातली एक जागा जरी सुटली तरी मागे जाऊन ती भरता येत नाही, म्हणून खालचं सगळं त्याच क्रमाने सांगतोय.

मशीनच्या आधी खुराडं बघा

नवीन माणसाचा गैरसमज असा की अंड्याच्या रंगावरून जात कळते. कवचाचा रंग कोंबडीकडून येतो, कोंबड्याचा त्यात काही संबंध नाही. म्हणजे तुमची आरआयआर कोंबडी शेजारच्या गावरान कोंबड्याशी जुळली तरी अंडं तसंच तपकिरी दिसणार आणि पिल्लू मात्र क्रॉस. त्यामुळे शुद्ध पिल्लं हवी असतील तर त्या जातीचा कोंबडा आणि कोंबड्या वेगळ्या जाळीत पाहिजेत आणि जाळी वरूनसुद्धा बंद पाहिजे, असील कोंबडा साधं कुंपण सहज ओलांडतो.

दुसरं म्हणजे कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचं बीज दोन आठवडे सहज टिकतं, कधीकधी जास्तही. आज गावरान कोंबडा काढला आणि कडकनाथ कोंबडा सोडला म्हणून उद्याचं अंडं कडकनाथचं होत नाही. कोंबडा बदलल्यावर तीन आठवडे थांबा, मधली अंडी घरात खा किंवा विका, मशीनला लावू नका. हे तीन आठवडे थांबायला लोकांना फार जड जातं पण सगळ्या नोंदवहीचा पाया तिथेच आहे, पाया कच्चा असेल तर वर पिल्लांच्या पायात कितीही रंगीत रिंगा घाला, उपयोग नाही.

आणि वनराजा, गिरिराजा या पक्ष्यांबद्दल एक वेगळी सूचना. वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलाय, गिरिराजा बेंगळुरूच्या पशुवैद्यकीय कॉलेजने, आणि परसातल्या पालनासाठी हे दोन्ही चांगले आहेत, पण ते संकरित आहेत. घरच्या वनराजाची अंडी उबवली तर पिल्लं निघतात, पण ती आईबापासारखी एकसारखी निघत नाहीत, वाढ आणि अंडी दोन्हीत फरक पडतो. अशा पिल्लांना वहीत "वनराजा" न लिहिता "वनराजाची पिल्लं, घरची" असं लिहा. घेणाऱ्यालाही तसंच सांगा.

अंडं हातात आलं की लगेच खूण

खूण संध्याकाळी एकत्र करू म्हणून ठेवू नका. खुराड्यातून अंडं उचललं की तिथेच पेन्सिलने लिहायचं, त्यासाठी प्रत्येक खुराड्याला दोरीने एक पेन्सिल बांधून ठेवली तरी चालते. पेन्सिल साधी, मऊ शिशाची. स्केच पेन, परमनंट मार्कर नको, कवचाला बारीक छिद्रं असतात आणि अंडं त्यातूनच श्वास घेतं, मार्करमधलं द्रावण आत जायची भीती कशाला घ्यायची. जोर देऊनही लिहू नका, बारीक तडा जातो आणि तो नंतर कॅन्डलिंगलाच, म्हणजे अंड्यामागे दिवा धरून आत बघताना, दिसतो. अंडी धुवायची नाहीत. फार घाण झालेलं अंडं उबवायला घेऊच नका.

काय लिहायचं? जातीचं एक अक्षर, खुराड्याचा नंबर आणि तारीख, बस. उदाहरणार्थ क-२-१४ म्हणजे कडकनाथ, दोन नंबरचं खुराडं, १४ तारखेचं अंडं. अक्षरं निवडताना जरा विचार करा. ब आणि व एकत्र वापरू नका, पेन्सिलची ती पोटातली रेघ पुसली की दोन्ही सारखेच. इंग्रजी आकडे वापरत असाल तर सहा उलटा झाला की नऊ होतो आणि अंडं तर फिरतच असतं, म्हणून आकड्याखाली आडवी रेघ मारायची सवय लावा. मराठीत १ आणि ९ घाईत सारखे येतात, तेही जपून.

आता कुठे लिहायचं, हे मात्र नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण अंड्याच्या रुंद टोकावर लिहितात. ट्रेमध्ये अंडं रुंद टोक वर करून ठेवलेलं असतं, तेच दिसतं, म्हणून ते सोयीचं वाटतं. पण पिल्लू बाहेर येताना त्याच टोकाकडून कवच गोल कापत येतं, टोपी निघाल्यासारखा तो भाग सुटून पडतो, त्याचे तुकडे होतात, पिल्लांच्या पायाखाली येतात आणि तुमची खूण गेली. खालचा अर्धा भाग मात्र वाटीसारखा बराचसा शाबूत राहतो. म्हणून खूण दोनदा करा, एकदा रुंद टोकावर रोज बघायला, आणि एकदा टोकदार बाजूकडच्या पोटावर, नंतर रिकामी कवचं मोजायला. हे केलंत की कोणत्या अंड्यातून पिल्लू निघालं आणि कोणतं राहिलं हे हॅच, म्हणजे पिल्लं निघणं, संपल्यावर कवचांवरून कळतं. टोपल्यांमध्ये काही घोळ झालाच तर हिशेब जुळवायला हाच एक पुरावा हातात असतो.

साठवण सात दिवसांच्या आतली ठेवा, टोकदार बाजू खाली. १५ ते १८ डिग्री तापमान चांगलं म्हणतात, आपल्याकडे उन्हाळ्यात ते घरात मिळत नाही, तर ओल्या वाळूवर ठेवलेलं मातीचं मडकं, वर ओलं गोणपाट, सावलीत, असं केलं तरी बराच फरक पडतो. नेहमीचा फ्रीज फार थंड असतो, त्यात ठेवू नका. बाहेरून एसटीने किंवा कुरियरने अंडी मागवली असतील तर आली की लगेच मशीनमध्ये न टाकता निदान १२ तास, जमलं तर २४ तास, टोकदार बाजू खाली करून शांत ठेवा. आणि अशा अंड्यांना वेगळं अक्षर द्या, कारण तिथली जात तुम्ही डोळ्यांनी बघितलेली नाही, देणाऱ्याच्या शब्दावर घेतलीय.

सगळी अंडी एकाच दिवशी लावा

जातींचा हिशेब ठेवायचा असेल तर तारखांचा हिशेब त्यात मिसळू नका. आठवडाभर जमवा आणि एकाच दिवशी, शक्यतो संध्याकाळी, सगळी लावा. रोज दोनदोन अंडी टाकत गेलात तर अडचण अशी की शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता ६५ ते ७० टक्के लागते आणि फिरवणं बंद करावं लागतं, त्याचवेळी बाकीच्या कोवळ्या अंड्यांना ५० ते ५५ टक्के आणि फिरवणं दोन्ही पाहिजे असतं. दोघांचं एका मशीनमध्ये जमत नाही. टप्प्याटप्प्याने लावायचंच असेल तर हॅचिंगसाठी वेगळी पेटी करा, थर्माकोलची पेटी, कंट्रोलर, छोटा फॅन, पाण्याचं भांडं, एवढ्यात होतं. तापमान फॅन असलेल्या मशीनला ३७.५ ते ३७.८ डिग्री, सगळ्या जातींना हेच चालतं.

ट्रेमध्ये जातीप्रमाणे ओळी करा, पण ओळीवर विसंबू नका. रोलरवाल्या मशीनमध्ये तर अंडी सरकतात, कडकनाथचं लहान अंडं आरआयआरच्या जागेत जाऊन बसतं, आणि रोलरवर घासून पेन्सिलची खूणसुद्धा फिकट होते. म्हणून प्रत्येक कॅन्डलिंगला पेन्सिल हातातच ठेवा आणि फिकट झालेली प्रत्येक खूण परत गडद करा. हाताने फिरवत असाल तर एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम वेळा, तेव्हा रात्रीची मोठी वेळ अंडं रोज एकाच बाजूवर राहत नाही.

लाइट गेली तर किती वेळ गेली ते वहीत लिहा. तीनचार तासांनी अंडी सहसा मरत नाहीत पण हॅच उशिरा येतो, आणि ती नोंद नसेल तर नंतर तुम्ही विनाकारण एखाद्या जातीला दोष द्याल.

कॅन्डलिंग आणि वहीतली ओळ

सातव्या दिवशी पहिलं कॅन्डलिंग. लेगहॉर्नसारख्या पांढऱ्या अंड्यात चौथ्यापाचव्या दिवशीच लाल शिरांचं जाळं दिसतं, कडकनाथ आणि असीलच्या फिकट अंड्यातही बऱ्यापैकी दिसतं, पण आरआयआरच्या गडद तपकिरी कवचातून आठव्या दिवसापर्यंत थांबलेलं बरं. शंका आली तर ते अंडं काढू नका, प्रश्नचिन्ह करून दहाव्या दिवशी परत बघा. नवीन माणूस पांढऱ्या अंड्याच्या मापाने तपकिरी अंडी बघतो आणि चांगली अंडी फेकून देतो.

वहीत प्रत्येक जातीची एक ओळ ठेवायची. लावलेली, फलित, १८ व्या दिवशी जिवंत, निघालेली पिल्लं. समजा कडकनाथची १२ लावली, सातव्या दिवशी १० फलित, अठराव्याला ९, पिल्लं ८. म्हणजे फलित अंड्यांतून ८० टक्के निघाली. शेजारच्या ओळीत असीलची १२ लावली आणि फलितच ५ निघाली, पण त्या पाचांतून ५ पिल्लं आली, तर मशीन चांगलं चाललंय आणि अडचण असीलच्या कोंबड्यात किंवा जुळणीत आहे. सगळ्या जाती एकत्र मोजल्या असत्या तर २४ पैकी १३ एवढंच कळलं असतं आणि तुम्ही बिचाऱ्या मशीनचं तापमान वरखाली करत बसला असता.

अठरावा दिवस: टोपल्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. अठराव्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता वाढवायची, आणि त्याच वेळी अंडी जातीप्रमाणे वेगळ्या टोपल्यांत घालायची. कारण एकदा पिल्लू ओलंचिंब बाहेर आलं की ते सरपटत पेटीभर फिरतं, दुसऱ्याच्या कवचात डोकं घालून बसतं, तेव्हा कवचाजवळचं पिल्लू त्याच कवचातलं असं धरून चालायचं नाही.

टोपल्या म्हणजे घरगुती वस्तूंच्या दुकानात मिळतात त्या प्लॅस्टिकच्या जाळीदार छोट्या बास्केट, भाजी धुवायच्या असतात तशा. छिद्रं बारीक हवीत, पाय अडकायला नको. वरून झाकण पाहिजेच, दुसरी बास्केट उलटी ठेवून बाजूने दोरी किंवा केबल टाय, नाहीतर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा. झाकण नसलं की पिल्लू अंड्यांवर चढून पलीकडच्या टोपलीत उडी मारतंच. तळाला गोणपाटाचा धुतलेला तुकडा किंवा खरखरीत रबरी जाळी टाका, कागद नको, कागदावर पाय घसरून फाकतात आणि अशी पिल्लं मग नीट उभी राहत नाहीत. पूर्ण टोपली भरू नका, निम्मी जागा मोकळी राहू द्या, निघालेल्या पिल्लांना तिथेच थांबायचं असतं.

टोपल्या फॅनच्या तोंडावर येणार नाहीत आणि हवेची वाट अडणार नाही असं बघा. मशीन छोटं असेल आणि चार टोपल्या बसत नसतील तर रंगाने अगदी वेगळ्या दोन जाती एका टोपलीत चालतात, उदाहरणार्थ आरआयआर आणि कडकनाथ. पण कडकनाथ आणि ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प एका टोपलीत कधीच नाही. प्रत्येक टोपलीला आतून चिठ्ठी नको, ओल्याने विरघळते, टोपलीचा रंगच वेगळा घ्या आणि कोणता रंग कोणाचा ते मशीनच्या झाकणावर बाहेरून चिकटवा.

मग झाकण उघडायचं नाही. मध्येच उघडलं की ओलावा जातो आणि अर्ध्यावर आलेल्या पिल्लाभोवतीचा पातळ पडदा सुकून चिकटतो. पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो, खाण्यापाण्याशिवाय ते एक दिवस आत आरामात थांबतं, दोन दिवसही काढतं. टोपल्यांचा हा मोठा फायदा, आत थांबलं तरी मिसळत नाही, त्यामुळे तुम्हाला घाई नाही. लहान अंडी आणि हलक्या जाती विसाव्या दिवसाच्या शेवटी सुरू होतात, मोठी अंडी आणि भारी जाती थोड्या मागून, आणि जास्त दिवस साठवलेलं अंडं आणखी थोडं मागे. पहिलं पिल्लू कधी निघालं ते जातीप्रमाणे लिहून ठेवा.

रंगावरून किती कळतं

थोडं कळतं, सगळं नाही. आरआयआरचं पिल्लू विटकरी बदामी. लेगहॉर्न पिवळं. गावरान आणि असीलमध्ये पाठीवर पट्टे असलेली बरीच येतात पण नियम नाही. उघड्या मानेची जात असेल तर पहिल्या दिवशीच मान बोडकी दिसते.

काळ्या पिल्लांत खरी कसोटी. ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्पचं पिल्लू उलटं करून बघा, पोटाला आणि गळ्याखाली पांढरट पिवळट लव असते, पंखाच्या टोकालाही पांढरं दिसतं, तळपाय फिकट. कडकनाथचं पिल्लू निळसर काळं, पाठीवर अस्पष्ट गडद पट्टे, आणि चोच, पाय, कातडी सगळीच काळसर. पोटावरची लव फुंकर मारून बाजूला केली की खालची कातडी दिसते. पण इथेही एक लक्षात ठेवा, कडकनाथ कोंबड्याच्या क्रॉस पिल्लांतही काळी कातडी येते. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, नाव झालं, आणि तेव्हापासून काळं दिसलं की कडकनाथ म्हणून पिल्लू विकणारे कमी नाहीत. नुसती काळी कातडी बघून क्रॉस नाही असं म्हणता येत नाही. जात खुराड्यावरून आणि वहीवरून सांगायची, रंग फक्त पडताळणीला.

टोपलीतून पायावर

पिल्लं वाळून मऊ झाली की एका वेळी एकच टोपली बाहेर काढा. तिच्यातल्या सगळ्या पिल्लांना खूण झाल्याशिवाय दुसरी टोपली उघडायची नाही, आणि हे काम शक्यतो दोघांनी करा, एकाने पिल्लू धरायचं, दुसऱ्याने खूण करून वहीत आकडा लिहायचा.

खुणेचे प्रकार तीन. नखांना नेलपॉलिश, जातीप्रमाणे रंग, हे तीनचार दिवस टिकतं, तात्पुरतं चांगलं. लाल रंग टाळा, बाकीची पिल्लं त्यावर टोचतात. दुसरं, प्लॅस्टिकच्या रंगीत रिंगा, पिल्लांच्या मापाच्या वेगळ्या मिळतात. पाय फार भराभर जाड होतो, म्हणून दर चारपाच दिवसांनी रिंग फिरते का ते बघा, फिरत नसेल तर त्याच दिवशी पुढच्या मापाची घाला. केबल टाय लोक वापरतात, पण तो सैल होत नाही, आठवडाभर बघायचं राहिलं तर मांसात रुततो आणि पाय जातो, त्यामुळे लहान पिल्लाला मी तो सुचवणार नाही. तिसरा प्रकार बोटांमधल्या पडद्याला बारीक छिद्र, टो पंच म्हणतात त्याने, पहिल्याच दिवशी. दोन पायांवर मिळून चार जागा, छिद्र आहे किंवा नाही अशा १६ वेगवेगळ्या खुणा होतात आणि त्या जन्मभर राहतात. छिद्र अर्धवट झालं तर बुजतं, म्हणून एकदा पशुवैद्यकाकडून बघून शिका मगच करा. दोन खुणा असलेल्या बऱ्या, रिंग आणि पंच, एक गेली तरी दुसरी राहते.

एखादं पिल्लू टोपलीबाहेर सापडलं, किंवा रिंग निघून पडली आणि कोणाची ते नक्की माहीत नाही, तर त्याला "बहुतेक कडकनाथ" लिहू नका. अशांसाठी एक रंग राखून ठेवा, पांढरा समजा, आणि वहीत स्पष्ट "माहीत नाही". ते पिल्लू तेवढंच छान वाढेल, अंडी देईल, फक्त त्याची अंडी जातीच्या नावाखाली मशीनला लावायची नाहीत.

खुणा झाल्या की सगळी एका ब्रुडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत, सोडली तरी चालतात. असीलची मात्र थोडी मोठी झाली की वेगळी करा, भांडतात. हॅचची तारीख वहीत असल्याने रानीखेत रोगाच्या लसीचा पहिला डोस पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची लस पुढे, हे सगळ्यांचं एकदमच होतं.

बदक, लावा सोबत लावायचे असतील तर

हे जाती नाहीत, वेगळे पक्षी आहेत, दिवसच वेगळे. बदकाला २८ दिवस, मस्कोव्ही बदकाला ३५, टर्कीला २८, गिनी फाउलला २६ ते २८, जपानी लाव्याला १७ ते १८. एकाच दिवशी हॅच आणायचा असेल तर बदकाची अंडी आज, कोंबडीची आजपासून सात दिवसांनी, लाव्याची दहा-अकरा दिवसांनी लावा. लाव्याच्या कवचावर मूळचेच ठिपके असतात, पेन्सिल दिसत नाही, त्यांना वेगळी जागाच द्या, आणि त्यांच्या टोपलीची जाळी एकदम बारीक घ्या, पिल्लू अंगठ्याएवढं असतं.

पिल्लं कोणाला दिलीत तर सोबत एक चिठ्ठी द्या: जात, कोणत्या खुराड्यातली, हॅचची तारीख, रिंगेचा रंग, दिलेली लस. आणि त्या चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून आपल्या वहीच्या त्याच पानाच्या फोटोसोबत ठेवा, कारण पुढच्या वर्षी कोंबडा बदलायचा झाला तर तुमच्याच रक्ताचा नसलेला कोंबडा कोणाकडे मिळेल हे त्यावरून शोधता येतं.